उसनं पाणी

पावसाळ्यात बदलापुरात नातेवाइकांचा फोन आला की ख्यालीखुशालीच्या आधी एक प्रश्न येतो, "बॅरेजला किती?" पलीकडचा माणूसही क्षणभर न थांबता उत्तर देतो, "सोळा वीस, पण वाढतंय." बॅरेज म्हणजे उल्हास नदीवरचा बंधारा, आणि आकडे मीटरचे आहेत. उल्हास नदीची इशारा पातळी १६.५० आणि धोका पातळी १७.५० हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही तोंडपाठ असतात. २६ जुलै २००५ चा पूर पाहिलेल्या पिढीला ते पाठ करावे लागलेच नाहीत. त्या रात्री घरात चढलेल्या पाण्याने ते भिंतींवर लिहून ठेवले. माझ्या घरी अजून त्या पाण्याची रेघ आहे. दोनदा रंग दिला, पण जिन्याखालचा हातभर तुकडा आईने तसाच ठेवायला लावला.

पण "बॅरेज कुणी बांधलं? कशासाठी? आज त्याचं पाणी नेमकं कुठे जातं?" असं विचारलं की फोनवरचा तोच माणूस गप्प होतो. "ब्रिटिशांच्या काळातलं आहे" एवढं बोलून विषय संपतो. बॅरेज रोडवर राहणारी, रोज संध्याकाळी त्या बाजूला फिरायला जाणारी, उन्हाळ्यात त्याच बंधाऱ्याने अडवलेलं पाणी पिणारी माणसं हे उत्तर देतात. त्यांत मीही होतो. हे पुस्तक या गप्प होण्यातून निघालं आहे.

अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर या तीन शहरांच्या टापूत पाणी अडवणाऱ्या, साठवणाऱ्या, वळवणाऱ्या जितक्या जुन्या जागा पायी जाऊन पाहता आल्या, तितक्यांची ही नोंद आहे. बंधारे आहेत, धरणं आहेत, गावविहिरी आहेत, पाण्याच्या आधाराने उभी राहिलेली देवळं आहेत. ज्यांनी ही नोंद केली ते इतिहासाचे प्राध्यापक नाहीत की पाटबंधारे खात्यातले अभियंतेही नाहीत. रविवारी सकाळी पहिल्या-दुसऱ्या गाडीने निघायचं, टेप, वही आणि डबा घेऊन दुपारपर्यंत हिंडायचं, असं त्यांनी काही वर्षं केलं. मला प्रस्तावना लिहायला सांगितली ती मी त्यांच्याबरोबर पुष्कळदा चाललो म्हणून. अधिकार एवढाच.

चालताना हळूहळू एक गोष्ट लक्षात आली, आणि पुस्तकभर ती वाचकालाही भेटत राहील. या खोऱ्यात जो जे पाणी वापरतो, ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणासाठी अडवलेलं असतं. इंजिनांसाठी बांधलेल्या तलावाचं पाणी माणसं पितात. वीज करून झाल्यावर सोडून दिलेल्या पाण्यावर शहरं वसली आहेत. सैन्यासाठी आखलेल्या छावणीत निर्वासितांनी संसार मांडले. कारखान्यांसाठी उभारलेल्या धरणाकडे आज लाखो नळ डोळे लावून बसलेले असतात. उसनं आणलेलं परत करायचं असतं, निदान कुणाकडून आणलं ते लक्षात तरी ठेवायचं असतं. आपण नेमकं तेच विसरलो आहोत, आणि माझ्या मते या टापूच्या पाण्याचं मूळ दुखणं तिथे आहे.

सुरुवात अंबरनाथच्या शिवमंदिरापासून करावी लागते. कारण साधं आहे. या साऱ्या बांधकामांत एकट्या त्यानेच आपली तारीख स्वतःच्या अंगावर कोरून ठेवली आहे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी छित्तराजाच्या काळात काम सुरू झालं आणि मुम्मुणीच्या काळात ते पुरं झालं, असं मानतात. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख वाचला तेव्हा साल ७८२ असं लावलं. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते ९८२ असल्याचं दाखवून दिलं. एका अंकाच्या वाचनाने देऊळ दोनशे वर्षं अलीकडे आलं. ज्या बांधकामावर साल कोरलेलं आहे त्याची ही गत, तर ज्यांच्यावर काहीच कोरलेलं नाही त्यांचं काय, हा विचार मला तेव्हापासून सोडत नाही.

मंदिरात शिल्पं बघायला सगळेच जातात आणि ती बघण्यासारखी आहेतच. पण एकदा श्रावणात, गर्दी नसलेल्या दिवशी, फक्त पायऱ्यांकडे लक्ष ठेवून आत जावं. सभामंडप जमिनीच्या पातळीवर आहे. गाभाऱ्यात मात्र सुमारे वीस पायऱ्या खाली उतरावं लागतं. पहिल्या चार-पाच पायऱ्या कोरड्या लागतात. मग दगड गार होत जातो, तळव्याला ओल कळायला लागते, आणि शेवटच्या पायरीवर आपण नकळत भिंतीला हात लावतो, तर हातही ओला होतो. वर पाहावं तर शिखर पुरं नाही. आभाळाचा तुकडा दिसतो, पाऊस असेल तर थेंब थेट पिंडीवर पडतो. शेजारून वालधुनी वाहते. जमिनीखालची ओल, बाजूची नदी आणि वरचं आभाळ अशा तिन्ही पाण्यांच्या मधोमध ही जागा निवडली गेली. ज्याने ती निवडली त्याला या खोऱ्यातलं पाणी कसं चालतं ते ठाऊक होतं, असं मला तिथे दरवेळी वाटतं. हा पुरावा नव्हे, पायांना आलेला अनुभव आहे. तो इथे लिहिल्यावाचून राहवत नाही.

वालधुनीविषयी थोडं. संस्कृतात 'धुनी' म्हणजे नदी. गंगेला 'स्वर्धुनी' म्हणतात. मलंगगडाच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, काकोळे गावाच्या बाजूला ही उगम पावते, अंबरनाथ आणि उल्हासनगर ओलांडून कल्याणच्या खाडीला मिळते. छोटीशीच नदी, पण तिच्या काठी अकराव्या शतकातलं देऊळ आहे, एकोणिसाव्या शतकातली रेल्वे आहे आणि विसाव्या शतकातले रासायनिक कारखाने आहेत. आज तिला नदी म्हटलं की नवीन राहायला आलेले लोक चमकतात. त्यांनी ती नाला म्हणूनच पाहिलेली असते. २०१४ साली उल्हासनगरच्या वडोलगाव भागात टँकरने आणलेलं रसायन रात्रीच्या अंधारात तिच्यात ओतलं गेलं आणि काठावरच्या शेकडो माणसांना श्वास घेणं अवघड झालं. ती माणसं झोपेतून उठून रुग्णालयात गेली. वालधुनी आणि उल्हासच्या प्रदूषणाचं प्रकरण 'वनशक्ती' या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेलं. त्यावर स्वतंत्र पुस्तक व्हायला हवं. इथे एवढंच सांगतो की, या पुस्तकातल्या वालधुनीकाठच्या नोंदी नाकाला रुमाल बांधून केलेल्या आहेत.

आणि तरीही तिच्या उगमाकडे गेलात तर विश्वास बसणार नाही इतकं स्वच्छ पाणी दिसतं. काकोळ्याचा तलाव. गावातली जुनी माणसं त्याला अजून 'जीआयपी टँक' म्हणतात. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही कंपनी जाऊन पाऊण शतक होत आलं, पण तिचं नाव या पाण्याला चिकटून राहिलं आहे. १८५४ साली रेल्वे ठाण्याहून कल्याणला पोचली आणि १८५६ च्या मे महिन्यात कल्याणहून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत गेली. पुढे १८६३ मध्ये बोरघाट सर झाला. घाट चढणाऱ्या वाफेच्या इंजिनाला कोळशाइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, पाणी लागे. कोळसा जहाजाने आणता येतो, पाणी मात्र रुळांच्या जवळच लागतं, बारा महिने लागतं आणि चांगलं लागतं. क्षार असलेल्या पाण्याने बॉयलरच्या आत पापुद्रे धरतात, नळ्या चोंदतात, इंजिन आजारी पडतं. म्हणून रेल्वे कंपन्यांनी विहिरींवर भागवलं नाही. डोंगरातून उतरणारं पावसाचं मऊ पाणी अडवून ठेवण्यासाठी त्यांनी जागोजागी स्वतःचे तलाव बांधले. काकोळ्याचा तलाव त्या घराण्यातला.

इंजिनं गेली. कल्याण-पुणे मार्गावर १९३० च्या सुमारास विजेच्या गाड्या धावू लागल्या, आणि पुढच्या काही दशकांत वाफ मागे पडत पडत संपली. तलाव उरला, मालकी रेल्वेकडेच राहिली. आज त्याचं पाणी अंबरनाथच्या 'रेल नीर' प्रकल्पात जातं, आणि तिथून बाटलीत बंद होऊन फलाटांवर विकायला येतं. गाडीत बसून आपण जी बाटली फोडतो ती म्हणजे इंजिनांसाठी अडवलेल्या पाण्याचं दुसरं आयुष्य आहे. काकोळ्याच्या बायका मात्र या पाण्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. तलाव डोळ्यांसमोर असून उन्हाळ्यात हंडा घेऊन थांबावं लागलं, हे त्यांनी आम्हाला सांगितलं तेव्हा आवाज चढवला नव्हता. त्यामुळेच ते जास्त लागलं.

आता उल्हास. राजमाची-लोणावळ्याच्या बाजूने सह्याद्रीतून उतरून कर्जत, नेरळ, वांगणी करत ती बदलापूरला येते. कोकणातल्या नद्यांचा स्वभाव पाहिला तर एप्रिल-मेमध्ये तिचे नुसते डोह उरायला हवेत. पण उल्हास उन्हाळ्यातही वाहते. माझ्या आजीला याचं कारण माहीत होतं, मला मात्र कॉलेजात गेल्यावर कळलं. ती म्हणायची, "टाटाचं पाणी आहे ते, देवाचं नव्हे."

तिचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. घाटमाथ्यावर मावळात आंध्रा नावाची नदी आहे. ती इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला. म्हणजे हे पाणी पूर्वेकडे, बंगालच्या उपसागराकडे निघालेलं. टाटांच्या आंध्रा व्हॅली कंपनीने ठोकरवाडीला धरण बांधून ते अडवलं, डोंगरातून वळवलं आणि पश्चिमेच्या कड्यावरून पाचशे मीटरांहून अधिक खाली भिवपुरीच्या वीजकेंद्रावर सोडलं. १९२२ साली त्यावर मुंबईसाठी वीज तयार होऊ लागली. चक्रं फिरवून झालं की पाण्याचं काम संपलं. कंपनीच्या दृष्टीने ते उरलेलं पाणी. ते उल्हासमध्ये सोडलं जातं. या उरलेल्या पाण्यावर आज बदलापूरचं बॅरेज भरतं. जीवन प्राधिकरण ते उचलतं आणि बदलापूर-अंबरनाथला देतं. पुढे आपटी बंधाऱ्यावर, जांभूळला, मोहिलीला, शहाडला एकामागून एक संस्था पाणी उचलतात, आणि ते कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, ठाण्याच्या बाजूपर्यंत जातं. उन्हाळ्यात टाटांच्या धरणांतला साठा कमी झाला की आमच्याकडे पाणीकपातीच्या तारखा लागतात. म्हणजे बदलापुरातल्या एखाद्या घरात मंगळवारी नळ येणार की नाही, हे मावळातल्या तळ्याच्या पातळीवर ठरतं. घरातल्या कुणी ते तळं पाहिलेलंही नसतं.

इथे थोडं थांबून एक गोष्ट बोलली पाहिजे. टाटांच्या याच योजनांपैकी मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. धरणग्रस्तांचा तो देशातल्या पहिल्या लढ्यांपैकी एक. मुळशीचं पाणी भिऱ्याला उतरून कुंडलिकेला जातं, आपल्याकडे येत नाही. पण ठोकरवाडीच्या पाण्याखालीही शिवारं होती. घाटाखालच्या आम्हा लोकांच्या पाणी-इतिहासात त्यांचा उल्लेखही नसावा, हे मला बरं वाटत नाही. म्हणून मी संपादकांना आग्रह केला आणि मावळातल्या गावांवरचं छोटं प्रकरण त्यांनी नकाशाबाहेर असूनही घेतलं.

उल्हासनगरची गोष्ट या सगळ्यांहून निराळी आहे. ज्या नदीचं नाव शहराला मिळालं ती शहराच्या कडेने जाते, आणि जी मधून वाहते तिचं नाव कुणी घेत नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ इंग्रजांनी मोठी लष्करी छावणी उभारली. दोन हजारांहून जास्त बराकी होत्या. जवळच नेवाळीला शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन धावपट्टी झाली. युद्ध संपलं, फाळणी झाली आणि सिंधमधून आलेली कुटुंबं या रिकाम्या बराकींत उतरवली गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि 'कल्याण कॅम्प'चं उल्हासनगर झालं. बोलण्यात मात्र 'कॅम्प एक' ते 'कॅम्प पाच' अजून तसेच आहेत. सिंधू नदीच्या काठची माणसं ही. कालवे, बांध, पुराचं पाणी यांची त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ओळख होती. इथे आल्यावर त्यांच्या वाट्याला बराकीबाहेरचा सामाईक नळ आला. आज एवढ्या मोठ्या महापालिकेचा स्वतःचा असा एकही जलस्रोत नाही. पाणी एमआयडीसीकडून, म्हणजे औद्योगिक विकास महामंडळाकडून, विकत येतं.

दुसऱ्याने सोडलेल्या घरात आणि दुसऱ्याने आखलेल्या पाण्यावर संसार मांडण्याची ही कहाणी जगात एकटी नाही. पोलंडमध्ये व्हिस्तुला नदीच्या मुखाशी झुवावी नावाचा सखल मुलूख आहे. त्याचा मोठा भाग समुद्रसपाटीच्याही खाली. सोळाव्या शतकापासून तिथे वसलेल्या डच मेनोनाइट शेतकऱ्यांनी बांध, चर आणि पवनचक्क्यांवर चालणारे उपसे उभारून तो कोरडा ठेवला. १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने बांध उडवले, मुलूख पाण्याखाली गेला आणि जुने रहिवासी निघून गेले. त्यानंतर पूर्वेकडून आलेल्या पोलिश कुटुंबांना ही घरं आणि हे चर मिळाले. कुठली झडप कधी उघडायची हे सांगणारं कुणी शिल्लक नव्हतं. त्यांना ते पुन्हा शिकावं लागलं. आज त्यांची नातवंडं ते जुने बांध, उपसाघरं, पूल शोधून त्यांच्या नोंदी करतात, आपल्या आजोबांनी बांधलेले नसतानाही. पोलंड आपल्याला वाटतं तितका दूरचाही नाही. युद्धकाळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते. ते १९४८ पर्यंत गेले आणि त्यांच्या रिकाम्या छावणीत सिंधी कुटुंबं आली. तेच आजचं गांधीनगर. त्याच काही वर्षांत, एकाच दुःखाने हललेली माणसं एकमेकांच्या भिंतींआड राहून गेली.

बारवी धरणाच्या प्रकरणाला या पुस्तकात सर्वांत जास्त पानं दिली आहेत, आणि ते योग्यच आहे. १९७२ साली एमआयडीसीने कारखान्यांसाठी हे धरण बांधलं, मग टप्प्याटप्प्याने उंची वाढवत नेली. आता पाणी ७२.६० मीटरला टेकलं की अकरा स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. तिथे माणूस लागत नाही. बारवीतून सुटलेलं पाणी नदीतून उतरून उल्हासला मिळतं आणि खाली आपटी बंधाऱ्यावर उचललं जातं. उंची वाढली तशी तोंडली, काचकोली, मोहघर यांसारख्या गावांची घरं पाण्याच्या कक्षेत आली. २०१९ साली वाढीव उंचीपर्यंत धरण भरलं, तेव्हा शहरांत पेढे वाटावेत असा आनंद होता आणि तोंडलीत लोक दारांच्या चौकटी काढून नेत होते. त्याच वर्षी जुलैत उल्हासला पूर आला आणि बदलापूर-वांगणीदरम्यान चामटोलीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. आधी स्थानिक गावकरी पोचले होते. त्यांना पाणी कुठे खोल आहे ते माहीत होतं.

खोल पाणी माहीत असणं हे या भागातलं सर्वांत जुनं शास्त्र आहे. नदीतल्या खोल डोहाला आपल्याकडे कोंड म्हणतात. बदलापूरजवळचा कोंडेश्वर हा त्या कोंडाचा देव. जुनं शिवमंदिर, बाजूला धबधबा, खाली डोह. देव बसवून पूर्वजांनी सांगून ठेवलं की इथे जपून. आता तिथे प्रशासनाचा फलक असतो आणि दरवर्षी मनाई हुकूम निघतो. तरी शनिवार-रविवारी शहरातली मुलं उड्या मारतात आणि काही परत येत नाहीत. चिखलोली आणि भोज या धरणांच्या नोंदी पुढे सविस्तर आहेत, म्हणून त्यांवर मी इथे लिहीत नाही. गावविहिरींविषयी एक सांगतो. एका पाड्यावर विहिरीच्या काठाचा दगड मोजायला आम्ही वाकलो होतो. दोराने घासून पडलेल्या खाचा होत्या, नऊ. टेपने खोली घेतली तर सर्वांत खोल खाचेत माझी तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत गेली. शेजारी उभ्या असलेल्या म्हातारीने आमची वही पाहिली आणि म्हणाली, "ती नका लिवू बाबा, ती माझ्या सासूची." मग तिने उरलेल्या खाचा कुणाकुणाच्या ते सांगितलं. नऊपैकी सहा नावं मिळाली. ती नावं पुस्तकात नाहीत, तिच्या घरच्यांनी नको म्हटलं म्हणून. खाचांचं रेखाचित्र मात्र आहे, मापासकट.

पुस्तकात पुष्कळ जागा रिकाम्या आहेत. ज्या बांधकामाचं साल कागदावर मिळालं नाही तिथे साल लिहिलेलं नाही, "म्हणे"वर भागवलेलं नाही. त्या जागी एक चौकट कोरी सोडली आहे. बॅरेजच्या पानावरही ती कोरीच आहे. ज्यांच्या घरात जुना नकाशा असेल, पंपघरात नोकरी केलेले आजोबा असतील, ठेकेदाराची पावती, कामगारांचा फोटो, काहीही असेल, त्यांनी ती चौकट पेन्सिलीने भरावी. आमच्याबरोबर बॅरेजवर आलेल्या एका निवृत्त कर्मचाऱ्याने पावसाळ्यात तासातासाला पातळी लिहिली होती, अनेक वर्षं, रात्रपाळीतसुद्धा. वह्या कुठे गेल्या विचारलं तर म्हणाला, कार्यालय हललं तेव्हा रद्दीत. मग थोडा वेळ तो पाण्याकडे पाहत राहिला आणि आम्ही न विचारता २६ जुलैच्या रात्रीचे आकडे सांगू लागला. तासातासाचे, एकही न चुकता. ते पहिल्या परिशिष्टात दिले आहेत. वाचकाने वाटल्यास तिथूनच सुरुवात करावी.